रक्तपेढीतला सर्व्हर

"पुन्हा बंद पडला," प्रशासक फोनवर एवढंच म्हणाले आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

मी तेव्हा कराडजवळच्या मलकापुरात हायवेलगतच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होतो. शाळा, दवाखाने, लहानमोठी ऑफिसं यांना कॉम्प्युटर बसवून द्यायचे आणि पुढं ते सांभाळायचे, हा आमचा धंदा. वर शेठ आणि खाली आम्ही तिघं. साताऱ्याकडची गिऱ्हाईकं दोघांनी वाटून घेतलेली, सांगलीची बाजू एकट्या माझ्याकडं. मोटारसायकलला पिशवी अडकवून आठवड्यातले चार दिवस मी उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरत असे.

फोन आला होता तो सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून. तिथं एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. इमारत लहानच, पण आत रक्तपेढी होती, त्यामुळं पार कवठे महांकाळकडच्या कोरड्या गावांतूनही माणसं तिथं धावत येत. त्या रक्तपेढीतला सर्व्हर तीन वर्षांपूर्वी मीच बसवला होता. सर्व्हर हे नाव मोठं. प्रत्यक्षात रक्ताच्या फ्रिजशेजारी टेबलाखाली ठेवलेला एक काळा डबा, वर पडदा आणि कीबोर्ड. कोणती पिशवी कोणत्या गटाची, कुणाच्या रक्ताशी जुळवून पाहिली, कुणाला दिली, हे सगळं त्यात. लॅबमधला आणि ऑपरेशन थिएटरमधला कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले. तो बंद पडला की तिन्ही ठिकाणं एकदम आंधळी व्हायची.

दोन महिन्यांत ही चौथी वेळ होती. पहिल्या वेळी कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वेळी मी गेलो, डबा उघडला, ब्लोअरनं धूळ उडवली, पंखा बदलला आणि "उष्णतेनं होत होतं, आता नाही होणार" असं छातीठोकपणे सांगून आलो. तिसऱ्या वेळी मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. तेव्हाही तेच सांगितलं.

"या वेळी प्रकरण साधं नाही," प्रशासक म्हणाले. "एक बाळंतीण टेबलावर होती. तुम्ही उद्या सकाळी या. कारण घेऊनच परत जायचं."

मी विचारलं, "बाई कशी आहे?"

"वाचली," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. कुंडलच्या फाट्यावर चहाला थांबायची माझी सवय, त्या दिवशी थांबलो नाही. रस्ताभर एकच विचार, की गेल्या खेपेला मी नेमकं काय पाहायचं सोडलं.

प्रशासक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. त्यांच्या खोलीत रक्तपेढीच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. काय झालं ते बाईंनी सांगितलं. बाळंतिणीला अचानक फार रक्तस्राव सुरू झाला. थिएटरमधून रक्ताची मागणी आली आणि पिशवी शोधत असतानाच सर्व्हर गेला. तो पुन्हा सुरू व्हायला, तपासायला वीसेक मिनिटं लागली असती. पण दिवसपाळीला असणाऱ्या ऑपरेटर ताईंनी स्वतःची वही काढली. सगळ्या पिशव्यांची नोंद त्या कॉम्प्युटरबरोबर वहीतही ठेवत. वहीत पाहून दोन मिनिटांत पिशवी निघाली. तरी नातेवाइकांपर्यंत "कॉम्प्युटर बंद होता" ही बातमी गेलीच. तक्रारीचा अर्ज आला. पुढच्या पंधरवड्यात विश्वस्तांची बैठक होती.

"ताईंनीच वाचवलं म्हणायचं," मी म्हणालो.

प्रशासकांनी चष्मा काढला.

"हेच बघा ना. वही तयार होती. चारही वेळा दिवसपाळीतच बंद पडला. रात्रपाळीच्या माणसाच्या हातात एकदाही नाही. मध्ये त्या आठ दिवस रजेवर होत्या, भाच्याच्या लग्नाला. त्या आठ दिवसांत एकदाही नाही. सर्व्हर आला तेव्हा पहिली कुरकुर त्यांचीच होती, कागदावरचं बरं म्हणून. मी आरोप करत नाही. पण तुम्ही तज्ज्ञ आहात. मला एवढंच सांगा, हा प्रकार हातानं करता येतो का?"

मी रक्तपेढीत गेलो. ताई उठून बाजूला उभ्या राहिल्या. तीस-बत्तीस वर्षांच्या असतील. माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं घर, सासर कुंडलजवळ उसाच्या पट्ट्यात. नवरा सैन्यात, तेव्हा कुठंतरी सरहद्दीवर. एवढं मला तीन वर्षांच्या येण्याजाण्यात कळलं होतं.

"दादा, मी काय केलं न्हाई हो," त्या हळूच म्हणाल्या.

मी मान हलवली आणि सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक कॉम्प्युटर आत स्वतःची रोजनिशी ठेवत असतो. कुणी रीतसर बटण दाबून बंद केला तर कुणी, किती वाजता, हे त्यात उमटतं. तसं काही नव्हतं. चार ठिकाणी लाल अक्षरांत एकच वाक्य होतं, की याआधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. म्हणजे चालत्या मशीनची वीज कापली गेली होती. कशी, ते मशीनला कळायचा मार्गच नव्हता. मरणाऱ्याला आपल्या पाठीमागं कोण होतं ते जसं दिसत नाही, तसं.

वीज गेली असेल का? नाही. हॉस्पिटलात मोठा इन्व्हर्टर होता, लाइट गेल्याचं आत कुणाला समजतही नसे. मी प्लग पाहिला, वायर पाहिली, डब्यातला पुरवठा मीटर लावून मोजला. सगळं ठीक.

प्रशासकांच्या खोलीत परत गेलो. मी म्हणालो, "मेनूमधून कुणी बंद केलेला नाही. एकदम वीज तुटली आहे."

"म्हणजे कुणी प्लग काढला किंवा बटण दाबून धरलं, तर असंच होईल?"

"हो. असंच होईल."

"नोंदीत काही फरक दिसणार नाही?"

"नाही."

एवढंच मी बोललो. त्यात एक शब्द खोटा नव्हता. दुपारी मी निघताना ताई पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली भरत होत्या. त्यांना रक्तपेढीतून काढून धोबीखात्यात चादरी मोजायला पाठवलं होतं, चौकशी होईपर्यंत. तसं लेखी पत्र त्यांच्या हातात होतं. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

तो शनिवार आणि रविवार मला चांगला आठवतो. बायको म्हणाली, चेहरा असा का, बरं नाही का. मी सांगितलं, काही नाही. "हो. असंच होईल," हे माझंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येई. त्याच्या पुढं दुसरं एक वाक्य जोडता आलं असतं, की आणखी दहा कारणांनीही असंच होईल. ते मी जोडलं नव्हतं. का नव्हतं, तेही मला माहीत होतं. ताईंनी बंद केला असेल तर माझी धूळ आणि माझ्या पट्ट्या यांबद्दल कुणी विचारणार नव्हतं.

सोमवारी शेठना न विचारता मी पुन्हा तिकडं गेलो. प्रशासकांना म्हटलं, नोंदी नीट वाचायच्या राहिल्यात. रक्तपेढीत आता ताईंच्या जागी रात्रपाळीचाच माणूस बसला होता. त्याला चहाला पाठवून मी पहिल्यापासून एकेक नोंद वाचायला बसलो, नुसत्या लाल नव्हे, सगळ्या.

असा सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला की पडद्यावर एक चौकट येते. हा संगणक अनपेक्षितपणे बंद का झाला, असं ती विचारते. खाली कारण लिहायला जागा असते आणि काहीतरी लिहिल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नाही. आमच्या धंद्यातला माणूस तिथं एक टिंब टाकतो आणि पुढं जातो. ते टिंबही नोंदीत जाऊन बसतं. माझी तीन वर्षांपूर्वीची दोन टिंबं तिथं होतीच.

आणि त्यांच्या खूप नंतर, चार कारणं. इंग्रजी अक्षरांत मराठी, शब्द तुटक.

पहिलं: "आपोआप गेला. लाइट होती. मी पिशवी लिहीत होते."

दुसरं: "खाली टक असा आवाज आला मग गेला. फ्रिज चालू होता."

तिसरं: "परत टक आवाज. टेबलाखाली पांढऱ्या पेटीत. मागं भिंतीवर लाल उजेड पडला. गुरुवार."

चौथं, बाळंतिणीच्या दिवसाचं: "टक आवाज. पांढरी पेटी. आज गुरुवार. मागच्या वेळी पण गुरुवार होता. कुणीतरी बघा."

मी ते कितीदा वाचलं कुणास ठाऊक. कारण पांढरी पेटी म्हणजे यूपीएस, आणि दुसऱ्या वेळी मी धूळ उडवायला आलो होतो तेव्हा ताई मला म्हणाल्या होत्या, "दादा, खाली टक करून वाजतंय बगा कायतरी." मी डब्यातून डोकंही वर न काढता म्हटलं होतं, "पंखा असेल."

गुडघ्यावर बसून टेबलाखाली शिरलो. यूपीएस म्हणजे वीज गेली तर कॉम्प्युटरला काही मिनिटं सांभाळणारी बॅटरीची पेटी. तिचं तोंड मी बसवताना भिंतीकडं केलं होतं, वायर पुरावी म्हणून. हात घालून फिरवलं. लाल दिवा जळत होता, बॅटरी बदला असं सांगणारा. वर दुकानाचं स्टिकर, त्यावर माझी सही.

मग माझ्या वहीत चारही वेळा मांडल्या. चारही गुरुवार, प्रत्येकात बरोबर चौदा दिवसांचं अंतर. वेळ अकरा अडतीस, अकरा एकोणचाळीस, अकरा एक्केचाळीस, अकरा बेचाळीस. आणि ताई रजेवर होत्या तो आठवडा नेमका मधला, त्यातला गुरुवार चौदाव्या दिवसाचा नव्हता.

अशा पेट्या दर चौदा दिवसांनी स्वतःची परीक्षा घेतात. क्षणभर बाहेरची वीज सोडून बॅटरीवर जातात, बॅटरी तग धरते का पाहतात आणि परत येतात. टक असा आवाज होतो तो त्याचाच. बॅटरी चांगली असेल तर कुणाला कळतही नाही. मेली असेल तर त्या क्षणी सर्व्हर पडतो. मोठ्या इन्व्हर्टरमुळं या पेटीवर कधी वेळच आली नव्हती, त्यामुळं तिची बॅटरी कधी मेली ते कुणालाच समजलं नाही. दरवर्षी ती तपासणं माझं काम होतं. कागदावर मी तपासलेलीही होती. टिक केलेली होती.

अंगणात येऊन शेठना फोन लावला. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "बॅटरी बदल आन् लिवून दे, व्होल्टेज वरखाली झालं म्हून."

"शेठ, तिथं इन्व्हर्टर आहे. व्होल्टेज वरखाली होतच नाही."

"आरं त्यांना काय कळतंय त्यातलं? आपल्या तपासणीच्या कागदावर तुजी सही हाय गड्या. कुणाच्या गळ्याशी येईल ते बग."

"इथं एका बाईला धोबीखात्यात घातलंय."

"कारण सापडलं की आणतील की परत." त्यांनी फोन ठेवला.

मी प्रशासकांसमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, त्यांना पटेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही परवा म्हणालात हातानं होऊ शकतं. आज म्हणता पेटी. विश्वस्तांना मी काय सांगू? आणि त्या चौकटीत काय, कोणीही काहीही लिहील. स्वतः बंद करून आवाज आला असं लिहिता येत नाही का?"

"आत्ता पेटीचं बटण दाबून दाखवतो. परीक्षा हातानंही घेता येते."

"बटण तुम्ही दाबणार, मग बंद पडणारच. त्यातून काय सिद्ध होतं? गुरुवारी कोण दाबतं, प्रश्न तो आहे."

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग गुरुवारच येऊ द्या. पुढचा चौदाव्या दिवसाचा गुरुवार कधी?"

"येत्या नाही, त्याच्या पुढच्या," मी म्हणालो.

"पण सर्व्हर त्या पेटीवर ठेवायचा नाही. माझ्या पेशंटवर प्रयोग नको."

मग आम्ही असं केलं. सर्व्हर रीतसर बंद करून नव्या पेटीवर घेतला. जुनी पेटी बंद केली नाही, कारण बंद केली तर तिचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले असते. तिच्यावर अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर लावला आणि नवजात बाळांना ऊब द्यायला पूर्वी वापरत तो मोठा पिवळा बल्ब. पेटीचा प्लग न काढता ती खोलीच्या कोपऱ्यापर्यंत सरकवून तिथं हे सगळं मांडलं आणि वर कागद चिकटवला, हात लावू नये.

मधले दहा दिवस फार वाईट गेले. बल्ब आणि जुना कॉम्प्युटर मिळून भार सर्व्हरपेक्षा कमी पडला तर? अर्धमेली बॅटरी तेवढं ओढून नेईल आणि बल्ब नुसता लुकलुकून परत लागेल. मग मी खोटा आणि ताई कायमच्या गुन्हेगार. मी आकडे मांडत होतो, खोडत होतो. रोज सकाळी हॉस्पिटलात फोन करून विचारायचो, "बल्ब चालू आहे ना? पेटी कुणी बंद केली नाही ना?" सफाईवाल्यानं प्लग काढला, असं स्वप्न मला दोनदा पडलं.

एकदा पलूसकडं काम होतं म्हणून वाटेत हॉस्पिटलात गेलो. धोबीखातं मागच्या अंगाला होतं. ताई चादरींच्या ढिगासमोर बसून मोजत होत्या. मी उभा राहिलो.

"ताई, तुम्ही त्या चौकटीत लिहिलेलं वाचलं मी."

त्यांनी मान वर केली. "कुणी वाचत न्हाई वाटलं."

"मग लिहीत का होतात?"

"आमच्या ह्यांनी सांगितलंय. ड्यूटीवर जे हुतंय ते लिवून ठिवायचं, कुणी इचारू दे नायतर नको." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यान्ला मी अजून ह्यातलं काय सांगितलं न्हाई. तिकडं बर्फात उभं ऱ्हायाचं, वर ह्यो घोर कशाला? सासूबाई मातर रोज इचारत्यात, काय चोरलंस का म्हून चादरीवर घातलं तुला."

मला म्हणायचं होतं की पेटी माझी होती. जमलं नाही. "गुरुवारी कळेल," एवढंच म्हणालो.

"आन् न्हाई गेला दिवा तर?"

मी रक्तपेढीत जाऊन बल्ब पुन्हा एकदा पाहून आलो.

त्या गुरुवारी मी नऊलाच पोहोचलो. प्रशासकांनी ताईंना मुद्दाम आपल्या खोलीत बसवून ठेवलं होतं, दार उघडं, म्हणजे त्या तिथंच आहेत हे येताजाता सगळ्यांना दिसावं. साडेअकराला प्रशासक, डॉक्टरबाई आणि मी कोपऱ्यातल्या बल्बसमोर खुर्च्या टाकून बसलो. तीन मोठी माणसं दिवसाढवळ्या एका जळत्या बल्बकडं टक लावून बसलेली. एरवी हसू आलं असतं.

अकरा चाळीस. फ्रिजचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. अकरा बेचाळीस. डॉक्टरबाईंना वॉर्डातून हाक आली, त्या "पाच मिनिटांत येते" म्हणाल्या पण उठल्या नाहीत. माझ्या हिशोबानं अकरा चव्वेचाळीसला व्हायला हवं होतं. चव्वेचाळीस झाले. बल्ब जळत होता. पंचेचाळीस. प्रशासकांनी घड्याळ पाहिलं. सेहेचाळीस. मला वाटलं, मध्ये कधीतरी पेटी कुणीतरी बंद करून सुरू केली असणार. किंवा परीक्षा होऊन गेली आणि बॅटरी टिकली, आम्हाला कळलंच नाही. प्रशासक गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले.

टक.

बल्ब विझला. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा गरगरत मंद होत थांबला. एक, दोन, तीन, आणि बल्ब पुन्हा लागला. कॉम्प्युटर मात्र गेला तो गेलाच. पेटीवरचा लाल दिवा जळत होता. अकरा सत्तेचाळीस झाले होते.

प्रशासक अर्धवट उठलेलेच होते, ते तसेच पुन्हा बसले. नव्या पेटीवरचा सर्व्हर शांतपणे चालू होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "झालं," आणि वॉर्डात निघून गेल्या.

प्रशासक आपल्या खोलीकडं चालू लागले, मी मागोमाग. ताई उभ्या राहिल्या. प्रशासक म्हणाले, "बाई, तुमची काही चूक नव्हती. उद्यापासून पूर्वीसारखं या. झालं गेलं विसरून जा."

ताई नीट आवाजात म्हणाल्या, "साहेब, मला चादरीवर घातलं तवा कागद दिला हुता. आता बी कागदच द्या."

प्रशासकांचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, चिडतील. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता एकदा थांबून त्यांनी मला विचारलं, "कारण काय लिहू?"

बाहेरच्या बाकावर बाळंतिणीचे नसले तरी दुसऱ्या कुणाचे नातेवाईक बसले होते. दार उघडंच होतं. मी म्हणालो, "लिहा, यूपीएसची बॅटरी निकामी झाली होती. ती तपासण्याची जबाबदारी आमच्या दुकानाची होती. तपासणी न करता तपासल्याची सही मी केली होती."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तसंच लिहिलं.

ताईंना मी पॅसेजमध्ये गाठलं. "ताई, तुम्ही मला आधीच आवाजाचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा..."

"म्हाईत हाय मला," त्या मध्येच म्हणाल्या. "दार उघडं हुतं तवा बी. तुमी म्हनला, असंच होईल. मी बाहेरच हुते." त्यांनी कागदाची घडी केली, पर्समध्ये घातली. "न्हाई म्हनायला पाहिजे हुतं तुमी. निदान म्हाईत न्हाई तरी म्हनायचं." रागानं नाही, थकल्यासारखं बोलल्या. मग सासूबाईंना फोन लावत त्या जिन्याकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या रक्तपेढीत हजर झाल्या, पण चार महिनेच. नवऱ्याची बदली झाली आणि तिथं क्वार्टर मिळालं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. डॉक्टरबाईंनी फार अडवलं म्हणतात. पुढं त्यांचं काय झालं मला माहीत नाही.

त्या कागदाची प्रत दुकानात आली तेव्हा शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, नोकरी गेली. घरी बायकोला सांगूनही टाकलं, दुसरीकडं बघावं लागेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या तपासणीचे कागद पसरले होते.

"ह्यातलं खरं किती, खोटं किती?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघत राहिलो.

"म्हंजे म्हाईत न्हाई. आदी साताऱ्यापास्नं सुरू कर. प्रत्येक पेटी उघडून बगायची. कुठं कुणाला कशापायी बोल लागलाय का ते बी इचारायचं."

मी महिनाभर दोन जिल्हे पालथे घातले. पहिलीच जागा कराडजवळची एक शाळा होती. ऑफिसात शिरलो आणि टेबलाखाली वाकून पाहिलं, तर लाल दिवा. शिपाई जवळ येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"सर, आवं ह्यो कॉम्प्युटर मदीच बंद पडतोय," तो म्हणाला. "हेडसर म्हनत्यात, झाडताना मीच वायर ओढतो."

मी पिशवीतून नवी बॅटरी काढली आणि त्याला म्हटलं, "चला, आधी हेडसरांकडं जाऊ."